बॉइंकच्या यादीत माझा नंबर कुठे दिसतो? नावच सापडेना!

जुना_डबा
४ सप्टेंबर, रात्री १०:४०

मंडळी, इचलकरंजीत माझं छोटंसं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. दोन डेस्कटॉप. एकावर मी बसतो, दुसऱ्यावर पोरगा आला तर पोरगा, नाहीतर कुणीच नाही. सकाळी दहाला चालू, रात्री आठला बंद. त्या दुसऱ्या डब्याला दिवसभरात चार लग्नपत्रिका नि दोन भाडेकरार एवढंच काम. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा मार्चमध्ये आला होता. म्हणाला, मामा, मशीन नुसतं फॅन फिरवत बसलंय, याला कामाला लावू. त्याने बॉइंक नावाचा प्रोग्राम टाकला आणि आइन्स्टाइन ॲट होम या प्रोजेक्टला जोडून दिला.

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी: हे स्वयंसेवी संगणन. मोठ्या गणिताचे तुकडे पाडतात, एकेक तुकडा नेटवरून आपल्या मशीनवर येतो, मशीन रिकामं असेल तेव्हा तो सोडवतं आणि उत्तर परत पाठवतं. पैसे मिळत नाहीत. क्रेडिट नावाचे गुण मिळतात.

सांगायचं कारण हे की माझ्या खात्यात आज १,६३,५४८ क्रेडिट आहेत आणि परवा राखीपौर्णिमेला भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, "मी भारतात अडतिसावा आहे. मामाचं तर यादीत नावच नाही." घरातले सगळे हसले. बहीणसुद्धा.

रात्री बसून शोधलं. क्रमवारी लावणाऱ्या साइट असतात, त्यातल्या बॉइंकस्टॅट्सवर नाव टाकलं, नाही. फ्री-डीसीवर, नाही. घरच्या लॅपटॉपवर मी रोझेटा ॲट होम हे दुसरं प्रोजेक्ट पण चालवतो (ते माझं मी जोडलं, भाच्याला माहीत नाही). रोझेटाच्या साइटवर अव्वल सभासदांची यादी सापडली. वीस-वीस नावांचं एक पान. 'पुढचे २०', 'पुढचे २०' करत बसलो. शेवटी शेवटी पत्त्यातला आकडा हातानेच बदलून उड्या मारल्या, तर एका जागी साइट म्हणते, माफ करा, फक्त पहिले १०,०००. म्हणजे माझं नाव त्याच्याही खाली. पण कितवं?

माझ्या खात्याच्या पानावर क्रेडिट दिसतात, नंबर कुठेच दिसत नाही. नंबर असतो तरी कुठे?

खोडरबर
४ सप्टेंबर, रात्री १०:५२

वाचतोय. मामा-भाचे सामना रंगणार.

तिरकस
४ सप्टेंबर, रात्री ११:०५

नंबर सापडला की रेशनला साखर जास्त मिळते का? लाईट बिल तुमचं, मशीन तुमचं, झीज तुमची, आणि शोध लागला की नाव जर्मनीतल्या कुठल्या प्रोफेसरचं.

वऱ्हाडी_ठेचा
४ सप्टेंबर, रात्री ११:२०

@तिरकस, भाऊ, लोक आयपीएलचे गुणतक्ते पाठ करतात, त्यांना कोणती साखर भेटते?

बाकी बिलाचं बरोबर हाय. मी मीटर लावून मोजलं. नुसतं चालू मशीन आणि गणित करणारं मशीन यात माझ्याकडे ६० वॉटचा फरक येते. दहा तास म्हटलं तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८. चहापेक्षा स्वस्त. पण अकोल्यात मे महिन्यात हे चालवाल तर मशीनसंगं तुम्हीपण शिजान. मी दिवाळी ते होळी चालवतो. उन्हाळ्यात माझा नंबर गडगडते, हिवाळ्यात चढते. कापसासारखं.

निवृत्त_काका
५ सप्टेंबर, सकाळी ६:४५

धागा पाहून जुनी आठवण झाली. मी सेटी ॲट होमवाला, म्हणजे परग्रहावरच्या लोकांचे संकेत शोधणाऱ्या प्रोजेक्टमधला. मे १९९९ मध्ये ते सुरू झालं आणि त्याच वर्षी दिवाळीत मी घरच्या पेंटियमवर टाकलं. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून आलेल्या आवाजाचे तुकडे, एकेक तुकडा १०७ सेकंदांचा, साधारण ३४० केबी. तेवढं उतरवायला डायल-अपवर चहा होऊन जायचा. मग तो स्क्रीनसेव्हर, लाल-हिरव्या-निळ्या सुळक्यांचा. सौ. म्हणायची, देवघरात समई आणि हॉलमध्ये हे.

तेव्हा नंबर शोधावा लागत नसे. खातं उघडलं की पानावरच लिहिलेलं असायचं की तुमचा क्रमांक अमुक, तुमच्याइतकंच काम केलेले आणखी इतके जण, आणि तुम्ही इतक्या टक्के लोकांपेक्षा जास्त काम केलं आहे. टक्क्याचा आकडा नेहमी गोड वाटायचा, कारण एक-दोन तुकडे करून सोडून दिलेले लोकच फार होते.

ते पान पुढे गेलं. डिसेंबर २००५ मध्ये जुनं सेटी बंद करून सगळ्यांना बॉइंकवर नेलं. माझं खातं कुठे आहे देव जाणे. ऑफिसच्या मेलवर काढलं होतं आणि त्या मेलला मी निवृत्त झालो तेव्हाच कुलूप लागलं.

पल्सारवेडी
५ सप्टेंबर, दुपारी १:३०

जुना_डबा, तुमची २३६ कामं पूर्ण झाली आहेत ना? आणि सगळी गॅमा-रे पल्सारची, सीपीयूवरची?

जुना_डबा
५ सप्टेंबर, दुपारी २:१०

ताई, हे कसं ओळखलंत? आत्ता मोजून बघितलं. २३६ च आहेत. माझ्या मशीनमध्ये शिरलात की काय?

पल्सारवेडी
५ सप्टेंबर, रात्री ९:१५

:) भागाकार केला. आइन्स्टाइनवर प्रत्येक प्रकारच्या कामाला ठरलेले क्रेडिट असतात. फर्मी उपग्रहाच्या गॅमा किरणांच्या माहितीतून पल्सार (गरगर फिरत ठरावीक लयीत किरणं फेकणारे तारे) शोधायचं सीपीयूवरचं, म्हणजे ग्राफिक कार्डाशिवाय नुसत्या प्रोसेसरवरचं काम असेल तर ६९३. तुमचा आकडा ६९३ ने नि:शेष भागला जातो, म्हणून म्हटलं.

आता मूळ मुद्दा. बॉइंकच्या प्रोजेक्टच्या साइटवर तुमच्या पानावर नंबर नसतो, हे तुम्ही बरोबर पाहिलंत. प्रोजेक्टवाल्यांना त्यात रस नाही, त्यांना उत्तरं हवी असतात. अव्वल लोकांची यादी ते ठेवतात, पण बॉइंकच्या नेहमीच्या साच्यात ती दहा हजारांवर थांबते. कुणी एक लाखावं पान मागितलं तर डेटाबेसला उगाच धाप लागते, म्हणून ही मर्यादा. त्याखालच्यांचे नंबर काढतात ते बाहेरचे लोक. प्रत्येक प्रोजेक्ट साधारण दिवसातून एकदा आपली सगळी आकडेवारी (सभासद, संघ, मशीन) एक्सएमएलच्या दाबलेल्या फायलींमध्ये उघड्यावर ठेवतो. बॉइंकस्टॅट्स, फ्री-डीसी वगैरे साइट त्या फायली उचलतात, क्रम लावतात, आलेख काढतात. तुमचा नंबर जो काही आहे तो तिथे जन्माला येतो.

मग तुमचं नाव तिथे का नाही? माझी पैज आहे की खाती काढताना एका प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलंय. मे २०१८ मध्ये युरोपात खासगी माहितीचा नवा कायदा लागू झाला. आइन्स्टाइनचा अर्धा संसार जर्मनीत हॅनोव्हरला, आल्बर्ट आइन्स्टाइन इन्स्टिट्यूटमध्ये. अर्धा अमेरिकेत, मिलवॉकीला. तेव्हापासून तुमची माहिती त्या एक्सएमएल फायलींत घालायची तर आधी तुमची संमती लागते. संमती नाही, तर क्रेडिट तुमचे तुमच्याजवळ, पण बाहेरच्या जगात तुम्ही नाहीच.

करायचं एवढंच: साइटवर लॉगिन करा, खात्याच्या प्रेफरन्समध्ये प्रायव्हसीचा भाग आहे तिथे जा. आकडेवारी गोळा करणाऱ्या साइटना तुमची माहिती द्यायला संमती आहे का, असा प्रश्न दिसेल. 'हो' करा, खाली सेव्ह दाबा. (सेव्ह दाबायचं मी स्वतः विसरले होते. आठवडाभर वाट बघत बसले.) मग दोन दिवस थांबा. फाईल आधी प्रोजेक्टकडून निघणार, मग त्या साइट उचलणार. लगेच बघायला गेलात तर निराश व्हाल.

आणि देश भरलाय का तेही बघा. देश निवडलेला नसेल तर जगाच्या यादीत याल, भारताच्या यादीत येणार नाही.

जुना_डबा
५ सप्टेंबर, रात्री १०:०२

ताई, पैज जिंकलात. दोन्ही खात्यांवर 'नाही' होतं. देशाची जागा पण रिकामी. भाच्याने घाईघाईत काढलेलं खातं! आता भारत भरलंय, संमती दिलीय आणि सेव्ह दोनदा दाबलंय.

तिरकस
५ सप्टेंबर, रात्री १०:१५

म्हणजे भाच्यानेच मामाला यादीबाहेर ठेवलं आणि मग यादीत नाही म्हणून हसला. महाभारत.

मडगावकर
६ सप्टेंबर, सकाळी ११:३०

बॉइंकवाले नशीबवान, तुमच्यात निदान ईमेलवर खातं असतं. मी फोल्डिंग ॲट होमवर होतो, २०२० च्या मार्चमध्ये सुरू केलं. कोविडच्या प्रथिनांच्या घड्या उलगडायच्या म्हणून जगभरचे लोक तुटून पडले होते तेव्हा. गर्दी एवढी झाली की कित्येकदा मशीन तयार आणि सर्व्हरकडे द्यायला कामच नाही. त्याच मार्चअखेरीस सगळ्यांची मिळून ताकद एक्साफ्लॉपच्या (सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या) पुढे गेली. तेव्हा जगातला कुठलाही महासंगणक तिथे पोचला नव्हता.

तर माझी गंमत. तिथे तेव्हा नुसतं नाव टाकायचं, बस. नोंदणीबिंदणी काही नाही. मी आपलं पाळण्यातलं नाव टाकलं. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात ते आहे. चार दिवसांनी नंबर बघायला गेलो तर माझे पॉइंट लाखांत! मी म्हटलं, हा लॅपटॉप आहे की काय आहे? शेजाऱ्यांना दाखवून आलो. मग कळलं की त्याच नावाने जगात कुठेतरी आणखी कोणीतरी, बहुतेक बरीच वर्षं, काम करतोय आणि आमची बेरीज एकत्र होते. ते लाख त्याचे. माझे त्यात असतील पाच-सहा हजार.

त्यासाठी पासकी घ्यायची असते, ३२ अक्षरांची. ती घातली आणि त्यावर दहा कामं नीट पूर्ण केली की लवकर परत पाठवण्याचा बोनस पण सुरू होतो. आणि संघ बदलला तर जुने पॉइंट जुन्या संघातच राहतात, हे पण ध्यानात ठेवा. नाव टाकलंच नाही तर 'अनामिक' आणि संघ शून्य. तो अनामिक बाबा जबरदस्त काम करतो.

मी नाव बदलून मागे पाच आकडे लावले. नंबर रसातळाला गेला, पण आता माझा आहे.

खोडरबर
६ सप्टेंबर, दुपारी १२:०४

शेजाऱ्यांना परत जाऊन सांगितलंत का?

मडगावकर
६ सप्टेंबर, दुपारी १२:२०

खुळा की काय तू.

जुना_डबा
८ सप्टेंबर, रात्री ९:२५

आलं! नाव आलं! काल रात्री नव्हतं, आज सकाळी शटर उघडून पहिलं तेच बघितलं. जगातला नंबर आहे, भारतातला आहे, आलेख आहे. आकडा इथे लिहीत नाही कारण भाचा ही साइट वाचतो.

पण एक घोळ. सगळे प्रोजेक्ट मिळून जी यादी असते त्यात मी दोनदा दिसतोय. आइन्स्टाइनवाला मी एक माणूस, रोझेटावाला मी दुसरा माणूस. नाव तेच. हे कुठे जोडायचं?

पल्सारवेडी
८ सप्टेंबर, रात्री १०:४०

अभिनंदन! दोन्ही खाती एकाच ईमेलवर आहेत का?

जुना_डबा
८ सप्टेंबर, रात्री १०:५०

नाही. आइन्स्टाइन दुकानाच्या मेलवर, रोझेटा माझ्या स्वतःच्या.

पल्सारवेडी
९ सप्टेंबर, सकाळी ८:२०

तेच. बॉइंकमध्ये वेगवेगळ्या प्रोजेक्टमधला माणूस एकच आहे हे ओळखायला एक लांबलचक खूण असते, सीपीआयडी म्हणतात तिला. ती ईमेलवरून बनते. ईमेल वेगळा, तर माणूस वेगळा. पण नुसता ईमेल एक करून भागत नाही, तुमचं निदान एक मशीन दोन्ही प्रोजेक्टना जोडलेलं लागतं. ते मशीनच इकडची खूण तिकडे नेऊन पोचवतं. तुमच्याकडे दुकानात फक्त आइन्स्टाइन, घरी फक्त रोझेटा. दोघांची गाठच पडत नाही.

रोझेटाच्या खात्यात ईमेल बदलून दुकानाचा घाला, लॅपटॉपला आइन्स्टाइन पण जोडा आणि चार-पाच दिवस विसरून जा.

पण खरं सांगू? त्या 'सगळे मिळून' यादीकडे फार लक्ष देऊ नका. प्रत्येक प्रोजेक्ट आपले क्रेडिट आपल्या मापाने वाटतो. कागदावर व्याख्या आहे: सेकंदाला एक अब्ज गणितं करणारं मशीन दिवसभर चाललं की २०० क्रेडिट. या मापाला कॉबलस्टोन म्हणतात, सेटीच्या जेफ कॉब यांच्या नावावरून. प्रत्यक्षात कुणी सढळ, कुणी चिक्कू. एक प्रोजेक्ट तर बिटकॉइनच्या खास यंत्रांना क्रेडिट द्यायचा, तिथल्या लोकांचे आकडे बघून बाकीच्यांनी कपाळाला हात लावला होता. किराणा दुकानातले किलो आणि सराफाचे तोळे एकाच वहीत मांडून बेरीज केल्यासारखं आहे ते.

निवृत्त_काका
१० सप्टेंबर, सायं. ५:१०

तुमच्या नादाने मी पण कपाट उपसलं. २००४ ची बँकेची डायरी सापडली. मागच्या पानावर, गॅसच्या नंबराखाली, सेटीचा पासवर्ड! तो मेल पत्ता आता अस्तित्वात नाही, पण लॉगिनला पत्ता आणि पासवर्ड जुळला की झालं, मेल उघडावा लागत नाही. थरथरत टाइप केलं आणि उघडलं हो.

बॉइंकचे क्रेडिट आहेतच, पण खाली एक ओळ आहे: क्लासिक (म्हणजे जुन्या सेटीचे) वर्कयुनिट ४१२, सीपीयू वेळ ६,२०० तासांच्या वर. माझा तो पेंटियम २००६ मध्ये भंगारात गेला. त्याचे तास कुणीतरी अजून जपून ठेवलेत.

आणि एक लक्षात आलं का? सेटीने ३१ मार्च २०२० ला कामं पाठवणं थांबवलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण पण कोसळली. म्हणजे आता त्या यादीत कुणी पुढे जात नाही, कुणी मागे जात नाही. माझा नंबर मला आता कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. तुम्ही बसा धावत.

वऱ्हाडी_ठेचा
१० सप्टेंबर, रात्री ८:००

काका, याला म्हणतात पेन्शन.

जुना_डबा
२७ सप्टेंबर, रात्री ९:५०

धागा वर काढतोय. गौरी-गणपतीला गावी गेलो होतो, १९ ते २५ दुकान बंद. त्याआधी मंडळांची पावती पुस्तकं नि अहवाल, मशीनला श्वास घ्यायला वेळ नव्हता, बॉइंक बिचारं मधूनमधून डुलक्या काढत होतं. परत येऊन बघतो तर रॅक म्हणून जो आकडा असतो तो तेराशेच्या घरात होता, तो एकदम निम्म्याच्या खाली! एकूण क्रेडिट जागच्या जागी आहेत, पण रॅकच्या यादीत नंबर धाडकन खाली. सात दिवसांची एवढी शिक्षा?

दुसरं. चार कामं करून पाठवलीत, त्याला दोन आठवडे होत आले. क्रेडिट नाहीत, 'प्रलंबित' म्हणून पडलीत. आमच्याकडे तहसीलमध्ये पण एवढं लागत नाही. (लागतं. पण तरी.)

पल्सारवेडी
२७ सप्टेंबर, रात्री ११:३०

रॅक म्हणजे अलीकडची सरासरी. तिचं अर्धं आयुष्य एक आठवडा ठेवलंय. मशीन बंद झालं की दर सात दिवसांनी निम्मी. उलट बाजूनेही तसंच. तुमच्या दुकानात दिवसाला दोन कामं होतात असं धरू, म्हणजे १,३८६ क्रेडिट. शून्यावरून निघालात तर पहिल्या आठवड्याअखेर रॅक ६९३, दुसऱ्याला १,०४० च्या आसपास, तिसऱ्याला १,२१३, चौथ्याला १,२९९. महिनाभर नियमित चाललं की जवळजवळ पूर्ण. तेव्हा दसऱ्यानंतर दिवाळीपर्यंत दुकान बंद ठेवू नका, भरून निघेल.

यात एक लबाडी आहे, तीही सांगते. प्रोजेक्टच्या डेटाबेसमध्ये हा आकडा क्रेडिट जमा होताना बदलतो. काम बंद केलेल्या माणसाचा आकडा अधूनमधून एक प्रोग्राम चालवून उतरवावा लागतो. तो चालेपर्यंत झोपलेला माणूसही यादीत धावताना दिसतो. त्यामुळे कुणाचा रॅक बघून घाबरण्याआधी त्याने शेवटचं काम कधी पाठवलं ते बघावं.

आता दोन याद्या का? एकूण क्रेडिटच्या यादीत आइन्स्टाइन सुरू झालं तेव्हापासूनचे, म्हणजे फेब्रुवारी २००५ पासूनचे लोक वर बसलेत. त्यातले कितीतरी सोडून गेले, पण जागा अडवून आहेत. रॅकची यादी म्हणजे आज कोण राबतंय. नव्या माणसाने तिथेच बघावं, नंबर भराभर सुधारतो. मात्र ग्राफिक कार्डवाल्यांशी बरोबरी करू नका. कार्डावरच्या गॅमा-रे कामाला ३,४६५ क्रेडिट मिळत. बऱ्यापैकी कार्ड दहा मिनिटांत एक काम उडवतं. तासाला सहा, म्हणजे २०,७९०. तुमच्या दुकानाचे बरोबर पंधरा दिवस.

प्रलंबितचं कारण वेगळं. एक काम दोन अनोळखी मशीनना देतात. दोघांची उत्तरं जुळली तरच दोघांना क्रेडिट. तुमचा जो जोडीदार असेल त्याने काम घेऊन मशीन बंद करून ठेवलं असेल. मुदत १४ दिवसांची असते. ती टळली की तेच काम तिसऱ्याला जातं. क्रेडिट बुडत नाहीत, अडकतात. ही खबरदारी सेटीच्या जुन्या दिवसांत शिकले सगळे. काही महाभाग नंबर वाढवण्यासाठी न केलेलं काम केलं म्हणून पाठवायचे. बरोबर ना, काका?

निवृत्त_काका
२८ सप्टेंबर, सकाळी ६:३०

बरोबर. तेव्हा फार बभ्रा झाला होता. परग्रहावरचे लोक सापडायच्या आधी पृथ्वीवरचे चोर सापडले.

औंढ्याचा
२८ सप्टेंबर, दुपारी ३:१५

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. मी हिंगोली जिल्ह्यातला. आमच्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. हे आइन्स्टाइन ॲट होम त्याच लायगोच्या माहितीवर चालतं ना? म्हणजे उद्या आमच्या शिवारातली माहिती इचलकरंजीच्या दुकानात येणार का?

पल्सारवेडी
२८ सप्टेंबर, रात्री ९:००

स्वागत! लायगोच्या माहितीवर पण चालतं. स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा जरासा ओबडधोबड असेल तर त्याच्यातून मंद, अखंड गुरुत्वलहरी निघायला हव्यात. त्या शोधायला हे प्रोजेक्ट सुरू झालं. ती लहर अजून कुणालाच सापडलेली नाही. पल्सार मात्र बरेच सापडले. पहिला २०१० मध्ये, अरेसिबोच्या माहितीतून, सेकंदाला जवळजवळ ४१ गिरक्या घेणारा. ज्या मशीनवर तो सापडला ती अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याची आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एकाची होती. जाहीर करताना त्यांची नावं सांगितली गेली. @तिरकस, नुसत्या प्रोफेसरचं नाव लागत नाही, बरं का. आणि काम वाटताना सर्व्हर कुणाचा नंबर विचारत नाही.

औंढ्याचा डिटेक्टर उभा राहायला वेळ आहे. तोवर जुना_डबा यांचा डबा टिकला पाहिजे.

तिरकस
२८ सप्टेंबर, रात्री ९:४०

एक शब्द मागे घेतो. फक्त एक.

जुना_डबा
१५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

शेवटचा अपडेट. चारही प्रलंबित कामं सुटली, २,७७२ क्रेडिट एकदम जमा. रॅक परत बाराशेवर. रोझेटावाला मी आणि आइन्स्टाइनवाला मी आता एकच माणूस झालो, सहा दिवस लागले.

आणि मुख्य बातमी. भाच्याच्या 'भारतात अडतिसावा' ची खातरजमा केली. भारताच्या यादीत पहिल्या शंभरात बघितलं, नाही. दोनशेत बघितलं, नाही. मग त्याच्या नावावर टिचकी मारून त्याच्या पानावर गेलो. अडतीस आहे, अगदी खरं आहे. पण तो आकडा देशाच्या ओळीत नाही, संघाच्या ओळीत आहे. त्याच्या कॉलेजच्या पोरांचा संघ आहे. एकूण सभासद एकेचाळीस.

त्याला फोन लावला. म्हणाला, मामा, रेंज नाही, नंतर बोलू. घरच्या वायफायवरून बोलत होता.

साइटवर आपल्या नावाचं प्रमाणपत्र निघतं, क्रेडिट आणि तारीख घालून. ते जाड कागदावर रंगीत काढलं आणि काउंटरच्या काचेखाली ठेवलंय, पासपोर्ट फोटोच्या दरपत्रकाशेजारी. काल एक गिऱ्हाईक बराच वेळ वाकून वाचत होतं. मग विचारलं, "हे कशाला लागतंय ओ? आमच्या पोराच्या नावानं काढून देशिला का? कितीला?"

वऱ्हाडी_ठेचा
१५ ऑक्टोबर, रात्री १०:४४

मंग? कितीला देल्लं भाऊ?